शाळेचा चार्ज ज्यांच्याकडे आहे त्यांना

दहावीचा निकाल लागतो आणि कोकण विभाग राज्यात पहिला येतो, याची आता आपल्याला सवय झाली आहे. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन जिल्ह्यांचं मंडळ वेगळं झालं, 2012 पासून त्याचे निकाल लागू लागले आणि तेव्हापासून हा पहिला नंबर कोकणाने कुणाला दिलेला नाही. 2025 साली राज्याचा निकाल 94.10 टक्के लागला, कोकणाचा 98.82. ही कमाई खरी आहे. तिच्यामागे सकाळी लवकर जादा तास घेणारे शिक्षक आहेत, एसटीच्या एकाच फेरीवर शाळा गाठणारी मुलं आहेत, मासळी विकून वह्यापुस्तकांचे पैसे बाजूला ठेवणाऱ्या आया आहेत. त्यांच्या कष्टांतला एक कणही मला कमी लेखायचा नाही.

आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात दुसरं चित्रही आहे. वाडीच्या टोकाला कौलारू दोन खोल्यांची जिल्हा परिषदेची शाळा, पहिली ते चौथी मिळून आठ-दहा मुलं, आणि दोन शिक्षक. कधी एकच. 2001 च्या जनगणनेत सिंधुदुर्गाची लोकसंख्या 8,68,825 होती, 2011 साली ती 8,49,651 झाली. महाराष्ट्र वाढत होता तेव्हा आपला जिल्हा आक्रसत होता. तरुण माणसं मुंबईला, पुण्याला, गोव्याला गेली आणि त्यांची मुलं तिकडच्या शाळांच्या पटावर आली. इकडे शाळेची घंटा तीच, बाकं तीच, बसणारे कमी.

या दोन चित्रांतून दोन वाक्यं जन्माला आली आहेत आणि ती आपण सगळ्यांनी ऐकली आहेत. हायस्कूलच्या कार्यालयात ऐकू येतं, "निकाल जवळपास शंभर टक्के आहे, आणखी बदलायचं काय?" आणि वाडीवरच्या शाळेत ऐकू येतं, "पटच नाय, तर करूचा काय?" एक वाक्य यशातून आलेलं, दुसरं निराशेतून. दोन्हींचा शेवट सारखाच आहे: आता शिकण्यासारखं, करून पाहण्यासारखं काही उरलेलं नाही. शाळेचा चार्ज ज्यांच्याकडे आहे त्या गुरुजींना, बाईंना, सरांना आणि मॅडमना माझं सांगणं एवढंच आहे की ही दोन्ही वाक्यं सोडून द्या. तुम्ही स्वतः शिकताना दिसलात, तरच तुमच्या शाळेत शिकणं चालू राहील.

पुढे बोलण्याआधी एक गोष्ट कबूल केली पाहिजे. आपल्याकडच्या बहुतेक लहान शाळांत 'मुख्याध्यापक' नावाचं स्वतंत्र पद नसतंच. शिक्षण हक्क कायद्याच्या निकषांप्रमाणे प्राथमिक शाळेत 150 च्या वर मुलं असली तरच ते पद मिळतं. वाडीवरच्या शाळेत ते कुठून येणार? मग सेवाज्येष्ठ शिक्षकाकडे चार्ज येतो. तो वर्ग शिकवतो, पोषण आहाराचा तांदूळ मोजतो, यू-डायसची माहिती भरतो, दाखले लिहितो, नेटवर्क मिळावं म्हणून मोबाईल घेऊन सड्यावर चढतो आणि मधल्या वेळेत मतदार यादीचं कामही करतो. अशा माणसाला कुणी येऊन 'दृष्टिकोन बदला' म्हणून सांगितलं तर त्याला राग येणं साहजिक आहे. वृत्ती बदलल्याने रिक्त पदं भरत नाहीत आणि गळकं छप्परही थांबत नाही. त्यासाठी पंचायत समितीचे उंबरे झिजवावे लागतात, ते झिजवत राहिलंच पाहिजे, आणि त्यात गावाने शाळेच्या बाजूने उभं राहिलं पाहिजे. पण ती लढाई चालू असताना वर्गात जे घडतं ते आपल्या हातात आहे. मी त्या भागाबद्दल बोलतो आहे.

1998 साली क्लॉडिया म्युलर आणि कॅरोल ड्वेक या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी पाचवीच्या मुलांवर केलेले काही प्रयोग प्रसिद्ध केले. मुलांना आधी सोपी कोडी दिली. ती सुटल्यावर काही मुलांना म्हटलं, तू हुशार आहेस. काहींना म्हटलं, तू मेहनत घेतलीस. नंतर अवघड कोडी दिली, जी बहुतेकांना सुटली नाहीत. त्यानंतर पुन्हा पहिल्यासारखी सोपी दिली, तेव्हा 'हुशार' म्हटलेली मुलं आधीपेक्षाही मागे पडली. मेहनतीचं कौतुक झालेली मुलं पुढे गेली. याच प्रयोगातली एक गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. मुलांना आपले गुण एका कागदावर लिहायला सांगितले, तेव्हा 'हुशार' ठरवलेल्या मुलांपैकी दहातल्या जवळपास चौघांनी ते वाढवून लिहिले. कुणी धाक घातला नव्हता. एकदा हुशारीचा शिक्का बसला की न जमलेलं दाखवायची हिंमतच राहत नाही.

आता मुलांच्या जागी शाळा ठेवून बघा. शाळेला एकदा 'अ' श्रेणी मिळाली, तालुक्यात पहिला नंबर आला, की तिसरीतली तीन मुलं अजून जोडाक्षरं वाचत नाहीत हे त्या शाळेचे प्रमुख केंद्राच्या बैठकीत उघड सांगतील का? बहुतेक ठिकाणी सांगत नाहीत. माहिती भरायच्या तक्त्यात ती तीन मुलं 'प्रगत' होऊन जातात. तक्ता वर जातो, वरचे खूश होतात, आणि ती मुलं तशीच पाचवीला हायस्कूलच्या दारात उभी राहतात. यात कुणी दुष्ट नसतं. भरपूर कौतुक आणि भरपूर तपासणी मिळालेली, पण चुकायला जागा न मिळालेली माणसं अशीच वागतात. म्हणून ज्यांच्याकडे चार्ज आहे त्यांनी पहिलं पाऊल हे उचलावं: आपल्या शाळेत काय जमलेलं नाही ते स्वतःच्या तोंडाने, सगळ्यांसमोर, लाज न धरता सांगावं. महिन्याच्या शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत इतिवृत्त वाचून झालं की त्यानेच सुरुवात करावी. "या महिन्यात अमुक करून पाहिलं, ते साधलं नाही, आता असं करतो." सुरुवातीला जीभ जड होईल. तीन-चार सभांनंतर पालकही बोलू लागतात, कारण आतापर्यंत त्यांना वाटत असतं की न येणं हा फक्त त्यांच्या मुलाचा दोष आहे.

क्षमता मेहनतीने वाढवता येते या वृत्तीबद्दलचं ड्वेक यांचं पुस्तक 2006 साली आलं आणि जगभर गाजलं. ते गाजलं तसं त्याचं पोस्टरही झालं. भिंतीवर सुविचार लागले आणि वर्गात 'शाब्बास, प्रयत्न केलास' एवढंच म्हणणं सुरू झालं. पुढे 2015 साली त्यांना स्वतःलाच लिहावं लागलं की नुसतं प्रयत्नाचं कौतुक करणं म्हणजे ही वृत्ती रुजवणं नव्हे. मुलाला नवी युक्ती सुचवायला हवी, कुणाची मदत घ्यायची ते दाखवायला हवं, आणि शेवटी त्याला ते यायला हवं. 2019 साली अमेरिकेत नववीच्या सुमारे 12,000 मुलांवर मोठा अभ्यास झाला. या वृत्तीबद्दलच्या तासाभराहून कमी वेळाच्या धड्यामुळे मागे पडलेल्या मुलांचे गुण वाढले, पण थोडेच. नंतरच्या विश्लेषणात दिसलं की ज्या वर्गातल्या शिक्षकाची स्वतःची अशी वृत्ती होती तिथे हा धडा उपयोगी पडला. जिथे ती नव्हती तिथे तो वाहून गेला. मोठी माणसं स्वतः शिकत नसतील तर मुलांना शिकण्याबद्दल भाषण देऊन काही साधत नाही, एवढं तरी यातून निघतं.

हे सगळं परदेशातलं वाटत असेल तर आपल्या शिरोड्याला चला. 1920 साली तिथल्या ट्युटोरियल इंग्लिश स्कूलमध्ये 22 वर्षांचा एक तरुण शिक्षक म्हणून आला. त्याच्याकडे पदवी नव्हती. पुण्यात फर्ग्युसन महाविद्यालयात शिकत असताना तो सावंतवाडीकडच्या चुलत्यांना दत्तक गेला आणि शिक्षण अर्ध्यावर सुटलं. प्रकृतीही धड नव्हती. शहरात नाव कमवायचं सोडून हा मुलगा मिठागरांच्या या लहानशा गावात कशाला आला, असं तेव्हा अनेकांना वाटलं असेल. हे वि. स. खांडेकर. 1938 पर्यंत, म्हणजे अठरा वर्षं, ते शिरोड्यात राहिले. शिक्षक होते, पुढे मुख्याध्यापकही झाले. त्यांची 'हृदयाची हाक' 1930 साली आली, 'दोन ध्रुव' आणि 'उल्का' 1934 साली. म्हणजे शाळा चालवता चालवता हा माणूस लेखक म्हणून घडत होता. त्याच शिरोड्यात 1930 साली मिठाचा सत्याग्रह झाला, त्याचं वारं शाळेच्या दारापर्यंत पोचलं नसेल असं होणार नाही. गावातली गरिबी, मुलांची घरं, मोठमोठ्या ध्येयांची आणि पोटाच्या भुकेची ओढाताण त्यांनी तिथे पाहिली आणि ती त्यांच्या पुस्तकांत उतरली. 1974 सालचं ज्ञानपीठ त्यांना 'ययाति'साठी मिळालं, पण लेखकाची घडण आरवली-शिरोड्याच्या त्या वाटांवर झाली होती.

मी त्यांची आठवण काढतो ती ज्ञानपीठासाठी नाही. एका खेडेगावातल्या शाळेचा प्रमुख स्वतः वाचत होता, लिहीत होता, नवं शिकत होता, आणि मुलं ते रोज बघत होती. तुमच्या शाळेतली मुलं तुम्हाला काय शिकताना बघतात? हा प्रश्न टोचण्यासाठी विचारत नाही. कुणी पेटी शिकत असेल, कुणी बागेत मिरवेलीचं कलम करायला शिकत असेल, कुणी संगणकावर पहिल्यांदाच तक्ते बनवत असेल. ते मुलांसमोर करा. चुकलात तर त्यांच्यासमोर चुका. मुलांना हे बघायला मिळत नाही. त्यांना मोठी माणसं फक्त सगळं येत असलेलीच दिसतात.

"आता काय, निवृत्तीला चार वर्षं राहिली," असं म्हणणाऱ्यांसाठी गांधीवादी कार्यकर्ते अप्पासाहेब पटवर्धनांचं उदाहरण पुरे आहे. 1894 चा जन्म. 1948 साली कणकवलीजवळ गोपुरी आश्रम उभा केला तेव्हा ते पन्नाशी ओलांडून गेले होते. त्या वयात त्यांनी मैल्यापासून खत करण्याचे, मेलेल्या ढोरांचं कातडं कमावण्याचे प्रयोग केले. त्या काळी शिकलेला माणूस ज्या कामाला शिवत नसे ते काम ते स्वतःच्या हाताने शिकले.

आता पटाकडे येतो, कारण खरी दुखरी जागा ती आहे. गेल्या काही वर्षांत कमी पटाच्या शाळा बंद करण्याचे, समूह शाळा करण्याचे, शिक्षक कमी करण्याचे विषय सतत येत राहिले. 2017 साली दहापेक्षा कमी पटाच्या सुमारे 1,300 शाळा बंद करायची यादी निघाली. 2023 साली वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांची समूह शाळा करण्याचा विचार पुढे आला. 15 मार्च 2024 च्या संचमान्यतेच्या निर्णयाने पुन्हा धास्ती भरली. दर वेळी लहान शाळा म्हणजे अडचण, असंच सगळे बोलले. आणि हळूहळू त्या शाळेत शिकवणाऱ्यांनाही तसंच वाटू लागलं. मला सगळ्यात जास्त वाईट याचं वाटतं.

लहान, अनेक इयत्ता एकत्र बसणारी शाळा ही शिक्षणातल्या काही फार चांगल्या विचारांची जन्मभूमी आहे. आंध्र प्रदेशात मदनपल्लीजवळ ऋषी व्हॅलीच्या ग्रामीण केंद्राने एक-शिक्षकी शाळांसाठीच साहित्य तयार केलं. प्रत्येक विषयाची एक शिडी, प्रत्येक पायरीवर एक कार्ड, आणि प्रत्येक मूल आपल्या गतीने चढतं. म्हैसूर जिल्ह्यातल्या एच. डी. कोटे तालुक्यातले सरकारी शिक्षक ते बघायला गेले आणि 1995 साली तिथे 'नली-कली' सुरू झालं. पुढे ते कर्नाटकभर गेलं, तमिळनाडूनेही याच धर्तीवर आपले वर्ग बदलले. तिकडे दक्षिण अमेरिकेत कोलंबियात 1970 च्या दशकात डोंगराळ भागातल्या एक-दोन शिक्षकांच्या शाळांतून 'एस्क्युएला नुएवा' उभी राहिली. तिथे मोठी मुलं लहानांना शिकवतात, मुलं स्वतः वाचून पुढे जातात, आणि शिक्षक एकमेकांच्या शाळा बघून शिकतात. या कुठल्याही ठिकाणी पट वाढायची वाट बघितली नाही. आठ मुलांच्या शाळेत शिक्षकाला प्रत्येक मूल नावानिशी, घरानिशी माहीत असतं. मुंबईतल्या साठ मुलांच्या वर्गात शिकवणारी बाई त्यासाठी तळमळते. ती गोष्ट तुमच्याकडे आहे. शाळा टिकेल की नाही हे तुमच्या एकट्याच्या हातात नाही. पण ती जितके दिवस आहे तितके दिवस त्या आठांना काय मिळतं ते तुमच्या हातात आहे.

दुसऱ्याची शाळा बघणं यावर माझा फार भरवसा आहे, पण बघायचं कसं तेही शिकावं लागतं. साताऱ्याजवळच्या कुमठे बीटमध्ये शिक्षण विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि तिथल्या शिक्षकांनी सरकारी शाळांतली मुलं कशी शिकतात याचा खोलात जाऊन विचार केला. मग राज्यभरातून शिक्षकांच्या झुंडी तिकडे गेल्या, आणि 22 जून 2015 ला 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र'चा शासन निर्णय निघाला. त्यानंतर गावोगावच्या शाळांत फरशा रंगल्या. वर्तुळं, चौकटी, अंक, अक्षरं. फरशी रंगवणं सोपं होतं, कारण ते फोटोत दिसत होतं. मूल गणित करताना नेमकं कुठे अडलं हे कान देऊन ऐकणं फोटोत येत नाही. म्हणून ते बरेचदा मागे राहिलं. पुढच्या वेळी दुसऱ्या शाळेत जाल तेव्हा भिंतींचे फोटो काढू नका. एका मुलाशेजारी अर्धा तास बसा आणि तो काय करतो ते बघा.

आपल्या आचऱ्यात दर काही वर्षांनी देव रामेश्वराचा कौल घेऊन गावपळण होते. सगळं गाव गुरंढोरं, कोंबड्या, मांजरं घेऊन तीन दिवस-रात्री वेशीबाहेर झोपड्या घालून राहतं. वेशीबाहेर बसलेल्या माणसाला आपलं गाव जसं दिसतं तसं घरात बसून दिसत नाही. मुख्याध्यापकांनाही वर्षातून दोन-तीन दिवस अशी वेस ओलांडायला मिळाली पाहिजे. लांब जायची गरज नाही. देवबागच्या शाळेचे प्रमुख आंबोलीकडच्या शाळेत जाऊन बसले, दोडामार्गच्या बाई देवगडला आल्या, तरी पुष्कळ. किनाऱ्याची शाळा आणि घाटाकडची शाळा एकाच जिल्ह्यात असूनही एकमेकींना ओळखत नाहीत.

केंद्राची दर महिन्याची शिक्षण परिषद यासाठी वापरता येईल. आज ती बऱ्याचदा परिपत्रकं वाचण्यात संपते. जपानमध्ये शिक्षक मिळून एक धडा ठरवतात, एकजण तो शिकवतो, बाकीचे शिकवणाऱ्याला न बघता मुलांना बघतात आणि नंतर बसून बोलतात. गेली शंभरहून अधिक वर्षं हे चाललं आहे. केंद्रप्रमुखांना माझी हात जोडून विनंती आहे: परिषदेतला एक तास यासाठी राखून ठेवा, आणि पहिला धडा केंद्रातल्या सगळ्यात ज्येष्ठ मुख्याध्यापकाने शिकवावा. नव्याने लागलेल्या शिक्षणसेवकाला पुढे करून ज्येष्ठांनी मागे बसायची पद्धत बंद करा. ज्येष्ठांचा धडा फसला तर त्याहून चांगलं काही नाही. पुढच्या महिन्यात तरुण शिक्षक मोकळेपणाने उभे राहतील. आणि शाळेला भेट द्याल तेव्हा "माहिती भरली का?" याच्या आधी "काय नवीन करून पाहिलंत?" हे विचारा. भेटीच्या शेऱ्यात त्याचं उत्तर लिहा.

करून पाहायचं काय, असा प्रश्न येतोच. मी किनाऱ्यावरची दोन-तीन उदाहरणं देतो, बाकी तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त सुचतील. तळाशील, कोळंब, देवबागच्या मुलांना भरती-ओहोटी शिकवायला पुस्तक लागत नाही. जेटीच्या खांबावर खुणा करा, मोठ्या माणसाला सोबत ठेवा, आणि पंधरा दिवस रोज भरती किती वाजता पूर्ण भरली ते मुलांना लिहू द्या. ती रोज सुमारे पन्नास मिनिटं पुढे सरकते हे मुलं स्वतः शोधून काढतील, पुनवेला आणि अवसेला उधाण का येतं हा प्रश्नही त्यांच्याकडूनच येईल. रापणीचे वाटे कसे पडतात ते एखाद्या रापणकराला वर्गात बोलावून विचारा. अपूर्णांकांचा याहून चांगला धडा कुठला? बंदरावरच्या लिलावात टोपलीची किंमत कशी चढते ते बघितलेलं मूल बेरीज-वजाबाकीला घाबरत नाही. पिंगुळीला परशुराम गंगावणे यांनी चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्या जपल्या, 2021 साली त्यांना पद्मश्री मिळाली. कुडाळपासून हाकेच्या अंतरावर हे आहे आणि आपल्या कितीतरी शाळांची सहल पुढे कोल्हापूरलाच जाते.

भाषेचंही असंच. घरात मालवणी बोलणारं मूल पहिलीत येतं आणि पहिल्याच आठवड्यात त्याला कळतं की आपण बोलतो ते 'अशुद्ध'. मग ते गप्प होतं, आणि आपण म्हणतो मूल बुजरं आहे. 'वस्त्रहरण' या मालवणी नाटकाला डोक्यावर घेतलेल्या जिल्ह्यात वर्गात मालवणीला बंदी का असावी? राष्ट्रीय शिक्षण धोरणाने 2020 साली पाचवीपर्यंत तरी घरच्या भाषेचा आधार घ्या असं सांगितलं आहे. शाळाप्रमुखाने एकदा परिपाठाच्या वेळी मालवणीत गोष्ट सांगितली की तो निर्णय आपोआप सगळ्या शाळेला कळतो. आणि देवगडच्या आंब्याच्या बागांत राखणीला असलेल्या नेपाळी कुटुंबांची, कर्नाटकातून कामाला आलेल्यांची मुलं? पट घटल्याची चिंता करणाऱ्या शाळेच्या आसपासच ती असतात. काही शाळांनी त्यांना घरोघर जाऊन आणलं आहे. "ती आज आसत, उद्या जातली," म्हणून सोडून देऊ नका. चार महिने शाळेत आलेलं मूल चार महिन्यांचं शिकून जातं.

पालकांना भेटायची वेळही बदलून बघा. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. शाळा जूनच्या मध्यात सुरू होते. म्हणजे किनाऱ्यावरच्या मुलांचे बाप घरी असतात असे सहा आठवडे आपल्याला मिळतात. नारळी पौर्णिमेनंतर ते पहाटे होडीवर असतात आणि सभेला फक्त आया येतात. वर्षाची मोठी पालकसभा जुलैत घ्या, संध्याकाळी घ्या, जमल्यास वाडीवर घ्या.

आता पालकांशी आणि समितीच्या सदस्यांशी दोन शब्द. कायद्याने समितीत तीन चतुर्थांश पालक आहेत आणि निम्म्या बायका आहेत. अध्यक्षही पालकच असतो. हा अधिकार सही करण्यापुरता वापरू नका. गुरुजी नवं काही करून पाहत असतील तर पहिल्याच आठवड्यात "पुस्तक कधी पुरं करतलात?" म्हणून मागे लागू नका. त्यांनी सभेत सांगितलेलं अपयश गावच्या पारावर त्यांची खिल्ली उडवायला वापरू नका. तसं एकदा झालं की ते पुन्हा कधी खरं बोलणार नाहीत. आणि हायस्कूलच्या मुख्याध्यापकांना निकालाच्या टक्केवारीसोबत हेही विचारा की पास होऊन गेलेली मुलं पुढे काय करतात, कुणाशी शाळेचा संपर्क आहे, कुठली मुलं अकरावीत पहिल्या तीन महिन्यांत गळाली. हा प्रश्न विचारला गेला तरच 98 टक्क्यांच्या पलीकडे बघायला शाळेला कारण मिळेल.

मुंबईकर चाकरमान्यांनो, गणपतीला आणि शिमग्याला तुम्ही येता, शाळेला रंग देता, संगणक देता. त्याबद्दल गाव ऋणी आहे. या वर्षी एक वेगळी गोष्ट द्या. तुमच्यातला कुणी नर्स असेल, कुणी बँकेत, कुणी लोकल चालवत असेल. सुट्टीतली एक दुपार शाळेत बसा आणि तुम्हाला तुमच्या कामात काय अवघड गेलं, कसं शिकलात ते सांगा. शाळाप्रमुखांनी हे गणपतीआधी पत्र लिहून ठरवावं, आरतीच्या गडबडीत कुणाला आठवत नाही.

आणि शेवटी एक वही ठेवा. तपासणीची नाही, कुणाला दाखवायची नाही. काय करून पाहिलं, कुठल्या तारखेला, काय झालं, मुलं काय म्हणाली, पुढच्या वेळी काय बदलणार. पंधरा दिवसांतून एकदा पाच ओळी पुरतात. आपल्या जिल्ह्यात बदल्या होत राहतात, बाहेरून आलेले शिक्षक आपल्या जिल्ह्यात परत जातात, आणि प्रत्येक नवा माणूस शून्यापासून सुरू करतो. चार्ज देताना आपण जनरल रजिस्टर देतो, साठा नोंदवही देतो, चाव्या देतो आणि यादीवर सह्या करतो. त्या यादीत ही वहीही लिहा.